झाऊच्या आड

बाबांची गोष्ट दर संक्रांतीला एकाच वाक्यापाशी अडायची. "आणि मग झाऊच्या आडून रोहिले उठले," असं म्हणून ते हात लांब करून समोर दाखवायचे. समोर झाऊ नसायचा. रोहिले तर नसायचेच. असायची ती पांढुरकी वाळू, तिच्यात दोरी धरून आखल्यासारख्या खरबुजांच्या ओळी, ओळींना वाऱ्यापासून जपणारे गवताचे गुडघाभर आडोसे, एखादं झोपडं, आणि लांब कुठेतरी यमुनेची शिशासारखी रेघ. सगळं तळहातासारखं सपाट. एका वर्षी मी म्हणालो, "बाबा, इथे ससासुद्धा लपायचा नाही." ताई फिस्सकन हसली. बाबांनी सायकलची घंटी उगाचच दोनदा वाजवली आणि म्हणाले, "चला, वारा सुटलाय."

हे १९७३चं असेल. मी नऊ वर्षांचा, ताई बारा. बाबा केंद्र सरकारात कारकून. दिल्लीच्या उत्तरेला तिमारपूरमध्ये सरकारी क्वार्टर्स होते, त्यातला एक आमचा. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात आईची तुळस आणि शेजारच्या सरदारजींच्या कोंबड्या. शाळा मात्र पार पहाडगंजला, नूतन मराठी, कारण पोरांचं मराठी मोडायला नको. घरात मराठी, गल्लीत पंजाबी, बसमध्ये हिंदी असा आमचा संसार. आणि वर्षातून एक दिवस अठराव्या शतकात.

तो दिवस म्हणजे संक्रांत. १० जानेवारी १७६० या दिवशी मराठा सरदार दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले. तेव्हा संक्रांत त्याच तारखेच्या आसपास यायची. सूर्य मकरेत शिरण्याचा दिवस इंग्रजी तारखेच्या हिशेबात साधारण सत्तर-बहात्तर वर्षांनी एकेक दिवस पुढे सरकतो, म्हणून आता आपण तीळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला वाटतो. हे गणित बाबांनीच मला पाटीवर करून दाखवलं होतं. तारीख धरायची की तिथी, हा वाद त्यांनी स्वतःपुरता संक्रांतीच्या बाजूने मिटवला होता. त्या दिवशी ऑफिसला सुटीही टाकता यायची.

सकाळी आई तिळाच्या वड्या पितळी डब्यात भरून द्यायची. मी सायकलच्या दांडीवर, ताई कॅरिअरवर, आणि मफलर बांधलेले बाबा धापा टाकत. तिमारपूरमधून वजिराबादला उतरलं की शाह आलमची कबर आणि त्याला लागून फिरोजशाह तुघलकाच्या काळातला दगडी पूल. पलीकडे १९५९ साली बांधलेला वजिराबादचा बंधारा. दिल्लीचं पिण्याचं पाणी इथून उचलतात, आणि त्याच्या खालच्या अंगाला नजफगढचा नाला नदीत पडतो. बाबांच्या भाषेत इथवर यमुना आणि इथून पुढे जमुना. तिथून वर, नदीच्या उलट्या दिशेने, बांधावरच्या कच्च्या वाटेने जगतपूर गावाकडे जायचं. डावीकडे गाव आणि गव्हाची शेतं, उजवीकडे खादर.

खादर हा शब्द दिल्लीकडचा. पुराचं पाणी जिथवर चढतं ती सखल जमीन म्हणजे खादर, आणि जिथे चढत नाही ती उंच जमीन म्हणजे बांगर. आपल्याकडे हिला मळई म्हणतील, गाळपेर म्हणतील. पण कृष्णा-गोदेची मळई पाहिलेल्या माणसाला खादर एकदम उमगत नाही. आपल्या नद्या खडकात बसलेल्या. काठ उंच, पात्र ठरलेलं. ही नदी मऊ गाळावर नुसती पसरलेली. एका पावसाळ्यात अर्धा कोस इकडे, पुढच्यात तिकडे. बाबा उभे राहायचे ती जागा बुराडी घाटाचीच, असं म्हणायला काहीच आधार नव्हता. त्यांनाही ते ठाऊक होतं. "इथेच कुठेतरी," ते म्हणायचे. मग वडीचा एक तुकडा दत्ताजींसाठी आणि एक त्यांचे पुतणे जनकोजी यांच्यासाठी वाळूवर ठेवायचा. जनकोजी तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे, म्हणून ताईला त्यांच्याविषयी विशेष आपुलकी. आमची पाठ वळली की वड्या मैना नाहीतर कावळे उचलत असणार.

गोष्ट बाबा चांगली सांगायचे. शुक्रतालला रोहिल्यांच्या नजीबखानाला घेरून बसलेले दत्ताजी, अब्दाली येतोय हे कळल्यावर त्याच्यावर चालून जाणं, घरी भागीरथीबाईंना दिवस गेलेले. मग यमुनेचं हिवाळ्यातलं रोडावलेलं पात्र, त्याचे दोन-तीन फाटे, मधली बेटं आणि बेटांवर माजलेलं रान. पलीकडून रोहिले बंदुका घेऊन त्या रानातून पुढे सरकले. मराठ्यांच्या हातात भाले आणि तलवारी. समोर माणूस दिसला तर भाला चालवणार ना! जनकोजींना गोळी लागली, दत्ताजींना लागली, आणि मग रोहिल्यांच्या कुतुबशाहाला दिलेलं ते उत्तर. ते इथे लिहीत नाही, प्रत्येक मराठी पोराला ते पाठच असतं. बाबा मात्र त्या उत्तराशी थांबत नसत. त्यांचं मन त्या झाऊत अडकलेलं. "दिसले असते तर गोष्ट वेगळी झाली असती रे," असं ते दरवर्षी म्हणत, जणू परवाच घडलंय आणि अजून काही करता येईल.

त्यांनी झाऊ कधी पाहिलेला नव्हता. मी तेव्हा शाळेच्या हिंदी मास्तरांना विचारलं होतं. ते म्हणाले, नदीकाठचं झुडूप असतं, त्याच्या फांद्यांच्या टोपल्या करतात, सरपण म्हणून जाळतात. म्हणजे कुठे गेला ते कळलं.

आता त्या वाळूविषयी, कारण माझ्या दृष्टीने खादर म्हणजे ती वाळू. पाऊस सरून पाणी उतरलं की कार्तिकाच्या सुमारास माळी लोक पात्रात उतरायचे. वाळूत लांबच लांब चर खणायचे, त्यांत खत भरायचं, खरबूज, कलिंगड, लांब वळणदार ककडी यांचं बी लावायचं. या शेतीला तिकडे पालेज म्हणतात. जानेवारीत आम्ही जायचो तेव्हा दोन पानांची रोपं त्या गवती आडोशांमागे थंडीने अंग चोरून बसलेली असत. शेतकऱ्याची पोरं आमच्याच वयाची, स्वेटराऐवजी आईची जुनी शाल छातीवर गाठ मारून बांधलेली. आम्ही त्यांना तीळगूळ द्यायचो. मे महिन्यात गेलो की त्यांच्याकडून ककडी मिळायची, तिच्यावर मीठ, आणि खाऊन झाल्यावर सरळ नदीत उतरायचं. पाणी गुडघ्याएवढं, तळाची वाळू पायाखालून सरकताना गुदगुल्या व्हायच्या. कुणी विचारायचं नाही, कुणी अडवायचं नाही. आईला एवढंच सांगायचं, की खोल पाण्यात गेलो नाही.

पक्षी होते का? असतीलच. टिटवी आठवते, कारण ती ओरडायची. बगळे आठवतात. बाकी हिवाळी पाण्यावर काहीतरी काळं-तपकिरी तरंगत असायचं आणि आम्ही त्या सगळ्यालाच बदक म्हणायचो. आता लोक तोंड भरून सांगतात की पूर्वी नदी कशी पाखरांनी भरलेली असायची. मी सांगू शकत नाही. मी बघितलंच नव्हतं. मी खरबुजं बघत होतो.

मग १९७८चा सप्टेंबर आला. ६ तारखेला यमुनेने २०७.४९ मीटरची खूण गाठली. मुखर्जीनगर, मॉडेल टाऊन पाण्यात, लष्कराच्या होड्या रस्त्यांवर. मी चौदा वर्षांचा, म्हणजे भीती वाटण्याऐवजी मजा वाटण्याच्या वयाचा. गच्चीवरून पूर्वेकडे पाहिलं तर खादर नव्हतंच, क्षितिजापर्यंत गढूळ चहा. आमच्याशी खेळणारी ती वाळूवरची पोरं कुठे गेली असतील, हा प्रश्न त्या दिवशी ताईने विचारला. मला तो सुचलाही नव्हता. पुढच्या संक्रांतीला आम्ही गेलो तेव्हा झोपडी दुसरीकडे होती आणि माणसंही दुसरी होती.

१९८२ साली मी पुण्याला शिकायला आलो तो इकडचाच झालो. ताईचं लग्न होऊन ती दिल्लीतच रोहिणीला स्थिरावली. बाबा निवृत्त झाल्यावर आई-बाबाही तिच्या जवळच राहिले. १९९६च्या संक्रांतीला मी मुलांना घेऊन गेलो होतो, आणि बाबांनी हट्टाने रिक्षा करून आम्हाला जगतपूरला नेलं. बांध जास्त उंच झाला होता. बांधाच्या अलीकडे जिथे गव्हाची शेतं होती तिथे पडीक रान, वर मिठासारखा पांढरा पापुद्रा आलेला, आणि त्यावर वेडी बाभूळ. बुराडीच्या बाजूने विटांची बिनप्लॅस्टरची घरं सरकत येत होती. राडारोड्याचे ढीग. माझ्या मुलाने विचारलं, "आजोबा, कुठे झाली लढाई?" बाबांनी हात वर केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि खाली घेतला. ते 'इथेच कुठेतरी' म्हणाले नाहीत. दोन वर्षांनी ते गेले.

त्यानंतर मी तिकडे फिरकलो नाही. ताई फोनवर सांगायची. २००२पासून तिथे काहीतरी चाललंय, दिल्ली विकास प्राधिकरणाने जमीन घेतलीय, विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांची माणसं झाडं लावताहेत, जैवविविधता उद्यान म्हणतात. मी म्हणालो, उद्यान म्हणजे कारंजी आणि झोपाळे असणार. सरकारी उद्यानाबद्दल माझी कल्पना तेवढीच होती. मग २०१६च्या नोव्हेंबरात तिचा फोन आला, आणि आवाजात असा आनंद की मला वाटलं नात झाली. "अरे, आपल्या खादरात बिबट्या आलाय!" पुण्यात राहणाऱ्या माणसाला याचं काय कौतुक? जुन्नरचे लोक तर हसतील. त्यांच्या उसात बिबट्या बाळंत होतो. पण दिल्लीच्या बांधाच्या आत, मेट्रो स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर, आमच्या खरबुजांच्या शेजारी! पुढे डिसेंबरात वनखात्याने त्याला पिंजऱ्यात पकडून सहारनपूरकडच्या शिवालिकच्या जंगलात सोडलं. ताई हळहळली. आसपासच्या गावांतल्या लोकांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला असणार, आणि मी त्यांच्या जागी असतो तर मीही टाकला असता.

या जानेवारीत अखेर गेलो. ताई आता पासष्टीची, गुडघ्यांना पट्टे, पण चालण्यात मला मागे टाकते. वाटेत सिग्नेचर ब्रिज दिसला, दीडशे मीटरहून उंच खांब आणि त्याला ताणलेल्या तारा, वीणा उभी धरावी तसा. आमचा वजिराबादचा जुना अरुंद पूल त्याच्या पायाशी अगदीच केविलवाणा. फिरोजशाहचा पूल त्याहून जुना आणि त्याहून लहान, पण का कोण जाणे, तो तेवढा केविलवाणा दिसत नाही.

उद्यानाच्या दारावर वहीत नावं लिहिली. पाकिटातल्या वड्या आत न्यायच्या नाहीत असं सांगण्यात आलं, त्या ताईने पर्समध्ये खोल दडवल्या. बरोबर एक तरुण दिला, वनस्पतिशास्त्र शिकलेला, पूर्णियाकडचा. तो आम्हाला अंकलजी-आंटीजी म्हणत होता आणि ताई त्याला 'बेटा' म्हणून पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या लग्नाच्या चौकशीपर्यंत पोचली होती.

त्याने सांगितलेलं मी माझ्या शब्दांत सांगतो. एकूण ४५७ एकर. त्यातले १५७ एकर आधी हाती घेतले. ही जमीन बांधाच्या अलीकडची, म्हणजे पूर्वी पूर यायचा पण आता येत नाही अशी. शास्त्रात तिला निष्क्रिय पूरमैदान म्हणतात. नंतरचे ३०० एकर नदीच्या बाजूचे, जिथे पूर अजून येतो. पहिल्या भागात माती खारवटलेली. १९९६ साली मला दिसलेला पांढरा पापुद्रा तो हाच. अशा मातीत झाड लावलं तर ते वर्षभर कुढतं आणि मरतं. म्हणून यांनी आधी झाडं लावलीच नाहीत. आधी गवतं लावली, खार सोसणारी. गवताने मुळं रुजवली, कुजून मातीत मिसळलं, मग शेंगावर्गी झाडोरा आला, माती हळूहळू निवळली. एकीकडे तळी खणली, काठ मुद्दाम वेडेवाकडे ठेवून, कुठे उथळ कुठे खोल. कारण डुबकी मारणाऱ्या बदकाला खोल पाणी लागतं आणि चिखल चाळणाऱ्याला घोटाभर. त्यानंतर झाडं, पण रांगेत नव्हे. यमुनेच्या खोऱ्यात जी रानं एकेकाळी होती त्यांतल्या सोबत्यांसकट : वर मोठं झाड, खाली झुडूप, त्याखाली वेल आणि गवत. वीस-पंचवीस वर्षं म्हणजे रानाच्या हिशेबात काहीच नव्हे, पण आम्ही चाललो होतो त्या वाटेवर अर्जुन आणि जांभळाच्या फांद्या डोक्यावर मिटलेल्या होत्या.

"यहाँ की ज़मीन पहले एकदम बेकार थी, अंकलजी," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. दारावरच्या फलकावरही ऱ्हास पावलेली जमीन असंच काहीतरी लिहिलेलं. तर माझं बालपण ऱ्हासात मोडतं. गंमत वाटली, आणि थोडा रागही आला. गव्हाची ती शेतं, खादरातली ती खरबुजं, शाल बांधलेली ती पोरं, हे सगळं एका पांढऱ्या पापुद्र्याखाली जमा करून टाकलेलं. या लोकांनी जे परत आणलं ते माझ्या आठवणीतलं नव्हे. माझ्या आठवणीला वळसा घालून ते तिच्या मागे गेले.

तळ्याशी पोचलो आणि राग ओसरला. हिवाळ्याचं कोवळं ऊन, पाण्यावर अजून धुक्याची साय, आणि पाणी पक्ष्यांनी नुसतं गजबजलेलं. मोठी लालसरी, शेकड्याने. नराचं डोकं पेटत्या निखाऱ्यासारखं आणि चोच कुंकवात बुडवलेली. मध्य आशियातून हिमालय ओलांडून ती इथे येते. मारुती चितमपल्लींच्या पक्षिकोशामुळे या पाहुण्यांना मराठीत हाक मारायची सोय झाली आहे, नाहीतर माझं अजूनही सगळ्यांना बदक म्हणून भागलं असतं. थापट्या फावड्यासारख्या चोचीने पाणी चाळत गोल गोल फिरत होते. काळे वारकरी कपाळी पांढरा टिळा लावून रांगेने चालले होते. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यात शेपट्या झटकत होत्या. आणि काठाजवळ एक जोडी, चोचीचं टोक पिवळं, बुडाशी लाल ठिपके : हळदीकुंकू बदक. ताईने संक्रांतीच्या दिवशी हे नाव ऐकलं आणि हात जोडले. "बघ," म्हणाली, "आईने वाण पाठवलंय." मी नास्तिक माणूस, पण त्या वेळी वाद घालायला धजलो नाही.

पलीकडच्या झाडावर पाणकावळे पंख वाळत घालून बसले होते. रातबगळे मान खांद्यात घालून डुलक्या घेत होते. मी मोजत होतो की आठ वर्षं दरवर्षी मी याच भागात आलो आणि या सगळ्यांपैकी टिटवी सोडली तर कुणालाच नावाने ओळखत नव्हतो. आता नावं येतात, दुर्बीण आहे, आणि पाण्यापासून वीस पावलांवर बांबूचं कुंपण आहे.

"नदी कुठे?" मी विचारलं.

त्या मुलाने झाडीच्या वरून हात दाखवला. "उधर. बाँध के पार."

आम्ही त्या सकाळी नदी पाहिली नाही. नदीकाठचं रान पाहिलं, नदीकाठचे पक्षी पाहिले, नदीकाठचं गवत पाहिलं, नदी नाही. मला हे आधी विचित्र वाटलं आणि मग पटलं. तिचं पाणी वजिराबादच्या खाली बघवत नाही, ऐन दिवाळीत कालिंदी कुंजला पांढऱ्या फेसाचे डोंगर तरंगतात, तिथे कुणी नातवंडांना गुडघाभर पाण्यात सोडणार आहे का? पालेजवाल्यांना तर न्यायालयाच्या आणि सरकारच्या हुकमाने अनेक ठिकाणी उठवलं गेलं, त्यांच्या काकड्या नाल्याच्या पाण्यावर पिकतात या कारणाने. कारण खोटं नाही. पण नाला त्यांनी सोडलेला नव्हता.

आणि याच शहराने, उद्यान सुरू झालं त्याच दशकात, खादराचं दुसरंही काहीतरी केलं. नदीच्या पूर्वेला, खालच्या अंगाला, २००५ साली अक्षरधाम उभं राहिलं आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी खेळाडूंचं गाव. एकीकडे प्राध्यापक गवताची मुळं रुजवत होते, दुसरीकडे पायाभरणीचे खांब रुजत होते. नदीने हिशेब ठेवला की नाही मला माहीत नाही, मी नदीला एवढी अक्कल चिकटवणार नाही. पण आकडे आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये वरच्या अंगाच्या हथिनीकुंड बंधाऱ्यातून ८ लाख २८ हजार क्युसेक पाणी सुटलं, तेव्हा दिल्लीत पातळी २०६.६० मीटर झाली. २०२३च्या जुलैत सुटलं ३ लाख ५९ हजार, निम्म्याहून कमी, आणि १३ जुलैला पातळी गेली २०८.६६ मीटरवर. १९७८चा, माझ्या गच्चीवरचा विक्रम मोडला. गाळ साचलेला, पुलांची आणि बांधांची दाटी, खालच्या एका बंधाऱ्याचे काही दरवाजे उघडेनात. पसरायला जागा नसली की पाणी उंच होतं, एवढंच. लाल किल्ल्याच्या भिंतीला पाणी लागलं. वजिराबादचं जलशुद्धीकरण केंद्र बुडाल्याने बंद पडलं. ताई सांगते, टीव्हीवर पूर आणि नळाला पाणी नाही, अशी ती तीन दिवस बसून होती.

तर नदीच्या बाजूच्या त्या ३०० एकरांचा एक उपयोग हाही आहे, की तिथे पाण्याला पसरता येतं. तिथे कुणाचं गाव नाही, मंदिर नाही. तीनशे एकर म्हणजे या नदीला एक घोट. पण घोट आहे.

परतीच्या वाटेवर गवताचा पट्टा लागला. कास, मुंज, आणि पाण्याकडच्या बाजूला देवनळ आणि पाणकणीस. मुंजेचे तुरे माझ्या दुप्पट उंच, उन्हात रुपेरी. वाट जेमतेम एका माणसापुरती. वारा आला की सगळं एका बाजूला कलायचं आणि असा आवाज व्हायचा की मागे कुणी चालतंय. वाटेच्या कडेला एक झुडूप होतं, सुरूसारखी बारीक हिरवी पानं, फांद्या लालसर, लवचीक, खालपासून दाट. पाटी होती. मी चष्मा पुसला.

"ताई," मी म्हणालो, "हा बघ झाऊ."

ती वाकली, फांदी बोटांत धरली. बराच वेळ धरून ठेवली. "एवढासा?" म्हणाली.

मुलाने विचारलं की या झुडपात विशेष काय? मग ताईनेच त्याला सगळं सांगितलं, तिच्या रोहिणीच्या हिंदीत : मराठा सरदार, संक्रांत, पात्रातली बेटं, झाऊमागे दडलेले बंदूकवाले. तिने बाबांसारखाच हात लांब केला. तो लक्ष देऊन ऐकत होता. मग म्हणाला की एकट्या झाऊने नाही होणार, आंटीजी, झाऊ आणि हे गवत मिळून. आणि सहज, एखादं पान दाखवावं तसा, तो वाटेवरून आत शिरला. तीन पावलं. मुंजेचे तुरे हलले आणि थांबले.

आम्ही दोघं वाटेवर उभे. त्याचा निळा स्वेटर कुठेच दिसेना. टिटवी ओरडली, तीच, पन्नास वर्षांपूर्वीची. ताईने माझ्या बाहीला धरलं.

"बेटा?" तिने हाक मारली. मग जरा मोठ्याने, "अरे, कुठे आहेस?"

"यहीं हूँ, आंटीजी," आवाज आला, इतक्या जवळून की मी दचकून मागे सरलो. "आपके सामने."